विश्लेषण : खेळातल्या सैनिकांना डेटॉलची अंघोळ कशासाठी?

टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांतले जुने सैनिक विकत घ्यायचे, त्यांच्यावरचा रंग उतरवायचा आणि नव्याने रंगवायचे, हा ब्रिटनमधील ‘वॉरगेमिंग’च्या छंदाचा मोठा भाग झाला आहे. त्यासाठी घरातल्या डेटॉलपासून प्रयोगशाळेतल्या अल्कोहोलपर्यंत अनेक द्रावणे वापरली जातात. यात चूक झाली तर प्लास्टिकचा लगदा होतो. शिशाचे सैनिक असतील तर आरोग्याचाही प्रश्न येतो. शिवाय उतरवलेला रंग परत आणता येत नाही.

हे सैनिक नेमके कोणते?

लहान मुलांच्या खेळण्यातले शिपाई आणि हे सैनिक यांत फरक आहे. यांना ‘मिनिएचर’ म्हणतात. त्यांची उंची साधारण २८ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी. एवढ्याशा आकारात पट्ट्याचे बक्कल, दाढीच्या बटा, चिलखताच्या कड्या, कधी कधी दातही कोरलेले असतात. ते न रंगवता, बहुतेकदा सुट्या भागांत विकले जातात. जोडायचे आणि रंगवायचे काम घेणाऱ्याचे. मग मोजपट्टी, फासे आणि जाडजूड नियमपुस्तक घेऊन दोन खेळाडू टेबलावर लढाई मांडतात.

या छंदाची मुळे जुनी आहेत. विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम मांडले. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा उडवून समोरचे शिपाई पाडायचे असत. आज या क्षेत्रावर प्रामुख्याने इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा पगडा आहे. १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केलेली ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या ‘एफटीएसई १००’ निर्देशांकात जाऊन बसली. तिचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ १९८३ मध्ये आला आणि ‘वॉरहॅमर ४०,०००’ ही भविष्यातल्या युद्धाची आवृत्ती १९८७ मध्ये. म्हणजे या सैनिकांची पहिली पिढी आता चाळिशी गाठून बसली आहे. ते रंगवणारी मुले पन्नाशीत पोहोचली आहेत.

जुना रंग काढण्याची वेळ का येते?

पहिले कारण अगदी साधे आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाने रंगवलेला सैनिक बहुतेकदा ओबडधोबड असतो. डबीतला घट्ट रंग पाणी न घालता थेट फासला की बारीक नक्षी बुजते. दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळ्यांना दर वर्षी रंगाचा नवा हात देणाऱ्या घरांत हे ओळखीचे वाटेल. जुन्या रंगावर नवा, त्यावर पुन्हा नवा, असे होत चार-पाच वर्षांत मावळ्याच्या मिशा आणि ओठ एकच होऊन जातात. २८ मिलिमीटरच्या पुतळ्यावर हे एकाच बैठकीत घडू शकते. कंपनीच्या व्हिडीओंतून रंगकाम शिकवणारे डंकन ऱ्होड्स ‘दोन पातळ थर’ द्या असे सांगत राहिले आणि तेच शब्द या छंदाचे घोषवाक्य झाले.

दुसरे कारण बाजाराचे. नवे संच महाग असतात आणि जुनी शिल्पे उत्पादनातून बाद होतात. त्यामुळे वापरलेल्या सैनिकांची खरेदी-विक्री जोरात चालते. लिलावात घाऊक घेतलेल्या खोक्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन तऱ्हांनी रंगवलेले शिपाई निघतात. टेबलावर एकाच तुकडीत उभे करायचे तर त्यांचा गणवेश एक हवा.

तिसऱ्या कारणामागे एक छोटे राजकारण आहे. २०१५ मध्ये गेम्स वर्कशॉपने वॉरहॅमरचे मूळ मध्ययुगीन धाटणीचे जग कथेतच नष्ट केले आणि त्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ हा नवा खेळ आणला. जुन्या खेळात सैनिकांचे तळ चौकोनी होते, कारण ते रांगांत उभे राहत. नव्यात ते गोल झाले. खेळाडू इतके चिडले की एकाने आपली रंगवलेली सेना जाळून त्याचा व्हिडीओच प्रसिद्ध केला. बाकीच्यांनी सेना खोक्यांत भरून माळ्यावर टाकल्या किंवा विकून टाकल्या. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने ते जुने जग परत आणले, चौकोनी तळांसह. मात्र अनेक तुकड्यांचे तळ आता पूर्वीपेक्षा किंचित मोठे आहेत. साहजिकच माळ्यावरची खोकी खाली आली, तळ उचकटले गेले आणि तळ काढतोच आहोत तर रंगही काढू, असा विचार अनेकांनी केला.

आधी कोणती परीक्षा करावी लागते?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. रंग कोणता आहे यापेक्षा रंगाखाली काय आहे हे आधी ओळखावे लागते, कारण एकच द्रावण धातूला निरुपद्रवी आणि प्लास्टिकला घातक ठरू शकते.

साहित्याचे ढोबळ चार प्रकार आहेत. १९८० च्या दशकातले सैनिक शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. कथील म्हणजे आपल्याकडे पितळी भांड्यांना कल्हई करतात तोच धातू. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या शिसेविरोधी कायद्याची धास्ती उत्पादकांनी घेतली आणि हळूहळू शिसे वगळलेला ‘व्हाइट मेटल’ आला. तो मुख्यतः कथिलाचा असतो. जुना शिसेयुक्त तुकडा हाताला जड आणि दिसायला काळपट लागतो. शिशाचे प्रमाण जास्त असेल तर तो कागदावर घासल्यावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते.

तिसरा प्रकार पॉलिस्टायरीन या कडक प्लास्टिकचा. आजचे बहुतांश संच याचेच असतात. चौथा रेझिन, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेली कृत्रिम राळ. गेम्स वर्कशॉपने २०११ मध्ये धातूचे अनेक सैनिक ‘फाइनकास्ट’ नावाच्या रेझिनमध्ये आणले होते. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर छापलेले सैनिकही वेगळ्या जातीच्या रेझिनचेच असतात आणि तेच सगळ्यांत बेभरवशाचे. अल्कोहोलमध्ये जास्त वेळ राहिले तर ते फुगतात किंवा ठिसूळ होतात.

प्लास्टिक की रेझिन, असा संभ्रम असेल तर तळाच्या लपलेल्या जागी प्लास्टिक जोडण्याच्या द्रव सिमेंटचा बारीक ठिपका देऊन पाहतात. पॉलिस्टायरीन लगेच मऊ पडते, रेझिनला काहीच होत नाही. याच गुणामुळे पॉलिस्टायरीनचे सांधे पुन्हा सुटत नाहीत. सिमेंट दोन्ही भाग विरघळवून एकजीव करते, म्हणजे ते एक प्रकारचे वेल्डिंगच असते. सुपरग्लूने चिकटवलेले धातूचे हात-पाय मात्र सुटू शकतात. त्यासाठीचा जुना उपाय फ्रीजरचा. काही तास गोठवले की सुपरग्लूचा सांधा ठिसूळ होतो आणि हलक्या हाताने पिळल्यावर कट्‌कन निघतो.

डेटॉलच का?

ब्रिटनमध्ये हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेला आहे. भारतातल्या घराघरांत असलेले हे तपकिरी द्रावण तिथेही दाढी आणि खरचटलेल्या गुडघ्यांसाठीच असते. त्यात क्लोरोझायलेनॉल हे जंतुनाशक असते. पण रंग काढण्याचे काम प्रामुख्याने त्याच्या सोबतचे घटक करतात. पाइन वृक्षाच्या तेलाच्या कुळातले पदार्थ, अल्कोहोल आणि साबण असे ते मिश्रण आहे. सैनिकांवरचा आजचा रंग बहुधा ॲक्रिलिक असतो. ओला असताना तो पाण्यात मिसळतो. वाळल्यावर त्याचा प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा होतो आणि त्यावर पाण्याचा परिणाम होत नाही. तेल आणि अल्कोहोल या पापुद्र्यात शिरतात, त्याला फुगवतात आणि पृष्ठभागापासून सोडवतात. पॉलिस्टायरीनला त्यांचा सहसा त्रास होत नाही.

कृती अशी. झाकणाच्या काचेच्या बरणीत सैनिक ठेवायचे, ते बुडतील इतके डेटॉल ओतायचे, पाण्याचा थेंबही घालायचा नाही. साधारण एक दिवसाने काढायचे आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायचे. रंग सालीसारखा निघतो.

नवख्यांची फसगत याच टप्प्यावर होते. हात चिकट झाले की माणूस सवयीने नळाखाली धरतो. पण डेटॉल पाण्यात टाकले की ते दुधासारखे पांढरे होते, हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. पाण्यात न मिसळणारे तेलकट घटक बारीक थेंबांच्या रूपाने बाहेर पडतात म्हणून तो रंग दिसतो. सैनिकावर अर्धवट सुटलेला रंग असताना हेच झाले तर मऊ झालेला रंग आणि तेल यांचा डांबरासारखा चिकट राप तयार होतो. तो कड्याकपारींत बसतो, ब्रशला लागतो, बोटांना लागतो आणि साबणाला दाद देत नाही. म्हणून घासताना ब्रशही पाण्यात बुडवायचा नाही, तो दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ डेटॉलमध्येच बुडवायचा. सगळा रंग निघाल्यावर आणखी एकदा डेटॉलमधून खंगाळायचे आणि मगच साबणाचे पाणी. बिघडले असेल तर उपाय एकच, पुन्हा बरणीत.

वास मात्र जात नाही. घरभर दवाखाना झाल्याची तक्रार इतर माणसे करतात. ती रास्त आहे. शिवाय त्यातील जंतुनाशक मांजरांना विषारी असते. मांजर पंजा चाटते, त्यामुळे उघडी बरणी किंवा सांडलेले थेंब तिच्या वाटेत असता कामा नयेत. हातमोजेही हवेत, कारण न मिसळलेले डेटॉल कातडीची आग करते.

डेटॉलचे पर्याय कोणते?

अमेरिकेत ‘सिंपल ग्रीन’ हे घरसफाईचे द्रावण लोकप्रिय आहे. ब्रिटनमध्ये ‘बायोस्ट्रिप २०’ हे जेलसारखे रंगनाशक वापरणारेही बरेच आहेत. पण अलीकडे बाजी मारली ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हात निर्जंतुक करण्याच्या निमित्ताने करोनाकाळात ते सर्वांच्या परिचयाचे झाले. तीव्र अल्कोहोलमध्ये ॲक्रिलिक रंग काही मिनिटांत ते काही तासांत सुटतो. पाण्याने धुतले तरी चिकटा होत नाही आणि गाळून तेच द्रावण पुन्हा वापरता येते. तोटा एकच पण गंभीर, ते पेटते. खिडकी उघडी हवी आणि शेगडी, उदबत्ती, सिगारेट लांब हवी. दागिने धुण्याच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात काही जण सैनिक साफ करतात. त्यात साबणाचे पाणी चालते, अल्कोहोल ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण.

ॲसिटोन, म्हणजे अनेक नेलपॉलिश रिमूव्हरमधला मुख्य पदार्थ, सगळ्यात वेगवान. फक्त निव्वळ धातूसाठी. जुने धातूचे सैनिक पायाखालच्या पट्टीने प्लास्टिकच्या तळाच्या खाचेत बसवलेले असत. तळ न काढता तो सैनिक ॲसिटोनमध्ये टाकला तर तासाभराने वर चकचकीत धातू आणि खाली काळा लगदा मिळतो. पॉलिस्टायरीनचा पूर्ण सैनिक टाकला तर फक्त लगदा.

मुळात काही रंग हट्टी असतात. एनॅमल हा तेलकट जातीचा रंग, ब्रिटनमध्ये हम्ब्रॉलच्या चिमुकल्या डब्यांतून मिळणारा, जुन्या सैनिकांवर सर्रास आढळतो. डेटॉलपुढे तो अडून बसतो. मोटारीचा स्प्रे प्रायमर किंवा पॉलियुरेथेनचे व्हार्निश त्याहून चिवट. अशा वेळी पूर्वी छंदवाले ब्रेक ऑइल किंवा भट्टी साफ करायचा कॉस्टिक फवारा वापरत. दोन्ही परिणामकारक आहेत आणि दोन्ही हाताळायला वाईट. डायक्लोरोमिथेन असलेली रंगनाशके तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंदच केली, कारण बंद खोलीत त्यांच्या वाफेने माणसे दगावली होती. अंगठ्याएवढ्या शिपायासाठी एवढी जोखीम पत्करण्यात काही अर्थ नाही.

शिशाची काळजी किती करायची?

थोडी नव्हे, बऱ्यापैकी. शिशाच्या संपर्काची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. रंगवलेला शिशाचा सैनिक कपाटात उभा असेल तर त्याचा फारसा त्रास नाही, कारण रंगच आवरणाचे काम करतो. रंग काढला की हे आवरण जाते. सर्वाधिक धोका धुळीचा. म्हणून कोरडे घासणे, कानशीने किंवा सँडपेपरने घासणे टाळून सगळे काम ओले करायचे. हातमोजे घालायचे, काम संपल्यावर हात साबणाने धुवायचे, त्या टेबलावर चहा-नाश्ता करायचा नाही आणि लहान मुलांना लांब ठेवायचे. वापरलेला ब्रश आणि बरणी पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. उरलेला गाळ मोरीत ओतणे हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत वाईट मार्ग. तो गाळून, वाळवून घातक कचऱ्यात देणे योग्य.

शिशाला स्वतःचाही एक आजार असतो. छंदवाले त्याला ‘लेड रॉट’ म्हणतात. ओक किंवा तत्सम लाकडातून, काही प्रकारच्या गोंदातून आणि पुठ्ठ्यातून ॲसेटिक आम्लाची वाफ अत्यल्प प्रमाणात सुटत असते. म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. बंद कपाटात हवा खेळत नाही, आर्द्रता असते, आणि वर्षानुवर्षे ती वाफ शिशावर काम करते. धातूवर पांढरी भुकटी धरते, मग खड्डे पडतात, शेवटी हात-पाय गळतात. ही भुकटी शिशाच्या कार्बोनेटची असते आणि विषारी असते. संग्रहालयांतल्या जहाजांच्या जुन्या प्रतिकृतींनाही हाच रोग लागतो. सुंदर लाकडी कपाटात जपून ठेवलेला संग्रह खराब व्हावा आणि उघड्या फळीवरचा टिकावा, असा उफराटा प्रकार त्यामुळे होतो. पांढरी भुकटी दिसली की रंग वाचवण्याचा विचार बाजूला ठेवून सैनिक साफ करावाच लागतो.

नव्याने रंगवताना काय बदलते?

रंग शंभर टक्के काढण्याचा अट्टहास अनेकदा सैनिकाचेच नुकसान करतो. शिसे आणि कथील मऊ असतात. तारेचा ब्रश किंवा सुई चालवली तर ओरखडे कायमचे राहतात. खोबणीत राहिलेला थोडा जुना रंग पुढच्या प्रायमरखाली दिसतही नाही. त्यामुळे दातकोरण्याने जेवढे निघेल तेवढे पुरे.

धुऊन, वाळवून, मोडलेले भाग तारेच्या खिळीने जोडल्यावर प्रायमरचा पातळ फवारा देतात. दमट हवेत मारलेला फवारा पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच बिघडतो आणि पिठासारखा खरखरीत थर बसतो. इंग्लंडमधला हिवाळा त्यासाठी बदनाम आहे. कोकणातल्या जुलैचे तर बोलायलाच नको. त्यानंतर मूळ रंग, खोबणीत झिरपणारा पातळ गडद रंग, आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग, हा क्रम चार दशकांत फारसा बदललेला नाही. २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे रंग आणले. ते एकाच हातात खोबणीत गडद आणि उंचवट्यावर फिकट बसतात. मोठी सेना नव्याने रंगवण्याचे जे काम महिने खात असे, ते त्यामुळे बरेच आटोक्यात आले.

गंमत अशी की सगळ्यांना सफाईदार आधुनिक रंगकाम नको असते. ‘ओल्डहॅमर’ म्हणवून घेणारा एक गट १९८० च्या दशकातले नियम आणि त्या काळचे सैनिक घेऊन खेळतो. हे लोक जुना रंग काढतात आणि पुन्हा जुन्याच तऱ्हेने रंगवतात. भडक लाल, भडक पिवळा, तळाची कड ठसठशीत हिरवी. लहानपणी मासिकात पाहिलेला आणि तेव्हा हाताला न जमलेला सैनिक त्यांना आता हवा असतो.

रंग उतरवूच नये, असे कधी?

यावर छंदातच दोन तट आहेत आणि दोघांचेही म्हणणे समजून घेण्यासारखे आहे.

पहिल्या गटासाठी खरी कलाकृती म्हणजे शिल्प. जुने सैनिक संगणकावर घडवलेले नाहीत. मायकेल व ॲलन पेरी हे जुळे भाऊ, जेस गुडविन यांच्यासारख्या शिल्पकारांनी ते एपॉक्सी पुट्टीत, सुईएवढ्या हत्यारांनी, प्रत्यक्ष आकारात घडवले. त्या मूळ नमुन्यावर तापलेल्या रबराचा साचा दाबला जाई आणि त्या प्रक्रियेत मूळ नमुना अनेकदा मोडून जाई. म्हणजे शिल्पकाराच्या हाताची खूण उरली ती धातूच्या ओतीवांतच. तीवर घट्ट रंगाचे चार थर असतील तर ते काढणे म्हणजे शिल्प मोकळे करणे, असे या गटाचे म्हणणे.

दुसऱ्या गटाचा आक्षेप असा की रंगही कोणाच्या तरी हाताचाच असतो. ओतीव हजारो निघतात, पण त्या एका सैनिकावरचा रंग एकच असतो. कंपनीची ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धा १९८७ पासूनची. त्या काळातले स्पर्धेचे किंवा मासिकात छापून आलेले सैनिक मधल्या काळात हातोहात फिरले. घाऊक खोक्यात असा एखादा आला आणि बाकीच्यांबरोबर बरणीत गेला, तर सकाळी नुसता धातू उरतो. आणखी एक साधी पण चटका लावणारी बाब आहे. पहिल्या पिढीतले खेळाडू आता जाऊ लागले आहेत. त्यांचे संग्रह कुटुंबीय विकतात. तो रंग म्हणजे त्या माणसाच्या शेकडो संध्याकाळी असतात. घेणाऱ्याला ते ठाऊकही नसते.

खेळण्यातल्या शिपायांच्या संग्राहकांनी हा वाद केव्हाच एका बाजूने मिटवला आहे. विल्यम ब्रिटन यांच्या लंडनच्या कंपनीने १८९३ मध्ये आतून पोकळ शिशाचे शिपाई ओतण्याची पद्धत आणली आणि १९६६ पर्यंत शिशाचे उत्पादन चालवले. त्यांच्या यादीत साम्राज्यातल्या पलटणी होत्या. बॉम्बे लान्सर्सचे घोडेस्वार आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाईही त्यात होते. रंगकाम हाताने होई आणि त्यात स्त्री कामगारांचा मोठा वाटा होता. अशा शिपायाचा मूळ रंग टवके उडालेला असला तरी त्याची किंमत असते. कोणी तो काढून कितीही सुंदर रंगवला तरी बाजारात तो ‘रिपेंट’ ठरतो आणि भाव कोसळतो. कारण त्या संग्रहात रंग हा ऐवज आहे. पगडी कोणत्या रंगाची, पट्टा कसा, हे त्या काळच्या कारखान्याने काय समजून रंगवले याचा तो पुरावा आहे.

वॉरगेमिंगच्या सैनिकाला हा नियम सरसकट लावता येत नाही. तो न रंगवताच विकला गेला, त्यामुळे त्याला कारखान्याचा ‘मूळ रंग’ असा नसतोच. मात्र चाळीस वर्षांपूर्वीचे रंगकाम हळूहळू त्याच दिशेने सरकते आहे, हेही खरे. खेळण्यातल्या शिपायांबाबतही पहिली काही दशके कोणी विचार केला नव्हता. मुले ते वाट्टेल तसे रंगवत आणि मोडत.

म्हणून जाणकार बरणी भरण्याआधी तीन गोष्टी पाहतात. सैनिक तिरका धरून नक्षी दिसते का, हे पहिले. दिसत असेल आणि रंग पातळ असेल तर तो काढायची गरजच नसते, वरून प्रायमर देऊन काम भागते. दुसरे, रंगकाम बेताचे असले तरी जुन्या मासिकांतल्या, सूचीतल्या छायाचित्रांशी ते जुळते का. आणि तिसरे, तळाची खालची बाजू. अनेक रंगवणारे तिथे आद्याक्षरे, वर्ष किंवा पलटणीचे नाव पेनाने लिहीत. अल्कोहोलमध्ये ती शाई सर्वांत आधी जाते. काही जण आता असा तळ वेगळा काढून ठेवतात, सैनिकाची चारही बाजूंनी छायाचित्रे घेतात आणि तुकडीतला निदान एक शिपाई आहे त्याच रंगात, नव्या रंगाच्या रांगेत उभा करतात.